लॅपटॉप : जुना की नवा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीस बाईंनी मला बोलायला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा भाषणाची भाषा मला यायची नाही. पण आपल्यापैकी पाचसहा जणींनी मला बाजारात थांबवून एकच गोष्ट विचारली, की मुलीला जुना लॅपटॉप का घेतलास, आणि तो चालतो तरी का? प्रत्येकीला निराळे सांगण्यापेक्षा आज एकदमच सांगते.

गोष्ट 2025 च्या जून महिन्यातली. मुलगी बारावी होऊन कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला जाणार होती. हिशेबाचे टॅली शिकायचे, तक्ते करायचे, आणि हे काही मोबाईलच्या एवढ्याशा काचेवर होत नाही. माझ्याजवळ 24,000 रुपये होते. चार उन्हाळे पोह्याचे पापड लाटले, त्यांतले जपून भिशीत टाकलेले. डांगर कुटून कुटून खांदे कसे भरून येतात हे पेणच्या बायकांना मी काय सांगावे!

आमचे हे गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात. डोळ्यांची आखणी त्यांच्याकडे असते. या धंद्यात पैसा हंगामाचा. त्यातून त्या वर्षी जानेवारीत उच्च न्यायालयाने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरील बंदी कडकपणे पाळण्यास सांगितले होते. जूनमध्ये मूर्ती घडविण्यापुरती मोकळीक मिळाली, पण तोवर कोणत्या कारखान्यात किती काम निघेल हे मालकालाही सांगता येत नव्हते. तरी ह्यांचे म्हणणे एकच, ‘पोरीला कोरा करकरीत घेऊ. मी जन्मभर दुसऱ्याची पुस्तके वापरून शिकलो, तिने का वापरलेले वापरावे?’

हे बोलणे माझ्या मनाला लागले. बापाच्या जिवाला काय वाटते ते मला कळत नाही का? पण पेणच्या दुकानात आम्हांला पसंत पडलेला नवा लॅपटॉप 36,000 चा होता. म्हणजे 12,000 चे हप्ते. बारा हप्त्यांतले पाचसहा तरी गणपती गेल्यानंतरचे, म्हणजे घरात कमाई थंडावलेली असते त्या दिवसांतले. तिथेच दुसरा एक नवा 23,000 ला होता. माझ्या पैशांत बसत होता आणि दिसायलाही सुबक. मी जवळजवळ हो म्हणणार, तेवढ्यात मुलगी म्हणाली, ‘आई, रोह्याला दादाला विचारू आणि मग घेऊ.’

दादा म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा. तो धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या कचेरीत कामाला आहे. रविवारी आम्ही मायलेकी गाडीत बसलो; कासू, नागोठणे करीत रोह्याला उतरलो. वन्संनी आधी जेवायला वाढले, आणि मग भाच्याने वही काढली.

तो म्हणाला, ‘मामी, जुना की नवा हे नंतर. आधी आत काय आहे ते विचारायचे.’ 23,000 च्या लॅपटॉपच्या कागदावर लिहिलेले त्याने वाचले : मेमरी 4 जीबी, साठवण 64 जीबी, आणि प्रोसेसर सर्वांत हलक्या जातीचा. मेमरी म्हणजे ओटा समजा. ओटा मोठा असला तर पोळ्या, भाजी, दूध सगळे एकदम मांडता येते. लहान असला तर एक उचलावे तेव्हा दुसरे ठेवता येते. 4 जीबीचा ओटा आजच्या कामाला पुरत नाही, 8 हवाच. साठवण म्हणजे फडताळ. या फडताळात विंडोजचेच सामान मावता मावता पुरेवाट. आणि स्वस्त लॅपटॉपांत पुष्कळदा ओटा आणि फडताळ दोन्ही आतल्या पाटीवर कायमचे डाखलेले असतात, पुढे वाढवता येत नाहीत. म्हणजे वस्तू नवी खरी, पण पहिल्या दिवसापासूनच अपुरी.

उलट, मोठ्या कंपन्या शेकड्यांनी लॅपटॉप घेतात, काही भाड्यानेही घेतात, आणि तीनचार वर्षांनी सगळे एकदम बदलतात. ते व्यापाऱ्यांकडे जातात, साफ होतात, बिघडलेला भाग बदलला जातो आणि पुन्हा विकायला येतात. दुकानदार त्याला रिफर्बिश्ड म्हणतात. आपण पितळेच्या पातेल्याला कल्हई करतो तसेच हे. मात्र कल्हई चकचकीत आहे म्हणून आपण पातेले घेतो का? उजेडाकडे धरून छिद्र बघतो. तेवढे बघता आले पाहिजे.

पहिली पाहायची गोष्ट प्रोसेसरची पिढी. इंटेल कंपनीचा असेल तर आय-थ्री, आय-फाइव्ह या नावापुढे एक आकडा असतो. तो एकाने सुरू होत असेल तर पहिले दोन अंक ही पिढी, नाहीतर पहिला एकच अंक. पिढी आठवी किंवा त्यापुढची हवी, कारण विंडोज 11 त्याखालच्या पिढ्यांना, थोडे अपवाद सोडले तर, चालते असे मायक्रोसॉफ्ट कंपनी मानत नाही. आणि विंडोज 10 ची नेहमीची मोफत देखभाल 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. आम्ही खरेदीला निघालो तेव्हा हा दिवस चार महिन्यांवर होता. देखभाल थांबली म्हणून यंत्र बंद पडत नाही, पण चोरवाटा बुजविणे थांबते. ज्या लॅपटॉपवरून बँकेचे काम करायचे त्याला हे परवडणारे नाही.

पुढच्या आठवड्यात मुंबईला गेलो. ग्रँट रोड स्टेशनपासून चालत लॅमिंग्टन रोड. दुकानाला दुकान लागलेले. पहिल्याच दुकानात एक लॅपटॉप 13,000 ला मिळत होता, झाकण तर आरशासारखे. मुलीने आकडा वाचला : सहावी पिढी. मी विचारले, ‘दादा, यावर विंडोज 11 चालेल?’ तो म्हणाला, ‘घालून देतो ना, काकू.’ घालून देणे वेगळे आणि कंपनीने मान्य करणे वेगळे, हे भाच्याने आधीच बजावले होते. आम्ही पायऱ्या उतरलो.

चौथ्या दुकानात मनासारखा मिळाला. दहावी पिढी, आय-फाइव्ह, मेमरी 16 जीबी, साठवण 256 जीबीची आणि तीही एसएसडी, म्हणजे जुन्या फिरत्या तबकडीची नव्हे. किंमत 19,500. झाकणाच्या कोपऱ्यावर एक चरा होता, त्याचे मला काहीच वाटले नाही. बिजागरी दहा वेळा उघडमीट करून पाहिली, सगळी बटणे दाबून पाहिली, पडदा पांढरा करून डाग शोधले. मग मुलीने काळी खिडकी उघडून एक ओळ लिहिली आणि बॅटरीचा अहवाल काढला. त्यात दोन आकडे पाहायचे असतात : नवी असताना किती भरायची, आणि आता किती भरते. ते प्रमाण निम्म्याच्या थोडेसेच वर निघाले. दुकानदार म्हणतो, ‘चार्जर लावूनच वापरतात सगळे.’ मी म्हटले, ‘आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की ती मुलीचे तास पाहून परत येत नाही.’ शेवटी 1,000 रुपये वर घेऊन त्याने नवी बॅटरी बसवून दिली.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कंपनीच्या लॅपटॉपला कधीकधी कंपनीचे कुलूप राहिलेले असते. नव्याने मांडणी करून इंटरनेटला जोडला, की तो आधीच्या कंपनीचेच खाते मागतो. म्हणून दुकानदाराला आमच्यासमोर पहिल्यापासून मांडणी करायला लावली, तीही मुलीच्या मोबाईलचे इंटरनेट जोडून. तास गेला, जाऊ दे. बिल पक्के घेतले. त्यावर यंत्राचा क्रमांक, सहा महिन्यांची हमी आणि नव्या बॅटरीची वेगळी हमी लिहून घेतली. तोंडी हमी म्हणजे वारा. शिवाय आपल्या सरकारचे 2022 चे ई-कचऱ्याचे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, त्यांत असा माल दुरुस्त करणाऱ्यांनीही नोंदणी करायची आहे. तेव्हा नोंदणी आहे का, असे विचारायला लाजू नये.

सर्वांनी जुनाच घ्यावा असे माझे म्हणणे नाही. शेजारच्या वहिनींचा मुलगा इंजिनियरिंगला आहे, त्याला मोठी चित्रे काढायची असतात, चार वर्षे काढायची आहेत; त्यांनी नवा घेतला, तो योग्यच. जिला मुंबईला पुन्हा खेप घालणे शक्य नाही तिनेही विचार करावा, कारण गावातल्या दुकानाची वर्षाची हमी ही मोठी सोय असते. पण हप्ता काढून अपुरा नवा घेणे, हे मात्र मला काही केल्या पटत नाही.

ह्यांचे काय झाले ते विचारता ना? दोन दिवस बोलले नाहीत. मग एका रात्री मुलीला म्हणाले, ‘कारखान्याचा हिशेब यात बसतो का गं?’ आता मालकांची रंगाची नि मजुरीची वही ती त्यावर उतरवून देते, आणि चऱ्यावर ह्यांनीच सोनेरी रंगाने एक बारीकशी वेल काढून दिली आहे. माझे 3,500 उरले ते डब्यात आहेत, दुरुस्तीसाठी.

आपल्या मंडळाच्या कपाटातल्या संगणकाचीही पिढी मुलीने काल पाहिली. सातवी आहे. त्यावर सभासदांची नावे, फोन नंबर सगळे आहे, तेव्हा पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा अशी अध्यक्षीणबाईंना विनंती करते. यंत्र बाद करायची गरज नाही, मोफत मिळणारे लिनक्स घालूनही ते पत्रे लिहिण्यापुरते चालेल. आणि कोणाला खरेदीला जायचे असेल तर दुकानात विचारायचे सगळे प्रश्न मुलीने एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले आहेत. त्याच्या वीस प्रती आणल्या आहेत, चहाच्या टेबलावर ठेवते.