रस्ता बदलला, नकाशा बदलला का?

सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरचे जीपीएस उपग्रह वेळेचे संकेत पाठवतात आणि त्यावरून गाडीतलं यंत्र आपली जागा काढतं. उपग्रहाचं काम तिथे संपतं. रस्ता, वळण, पूल हे सगळं येतं नकाशातून, आणि तो जुना असू शकतो.

जानेवारी 2021 मध्ये कळसूबाईला निघालेली एक गाडी रात्री अकोले तालुक्यात पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. कोतूळचा पूल पाण्याखाली होता, नकाशाने मात्र तोच रस्ता दाखवला. एकाचा जीव गेला. वर्षातले काही महिने बुडणारा पूल नकाशात तसा नोंदवायलाच हवा.

नकाशातल्या रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला माहिती जोडलेली असते: एकेरी की दुहेरी, उजवीकडे वळता येतं का, वेगमर्यादा किती. चौकात नवा दुभाजक आला, तर रस्ता तोच राहतो, पण वळण चुकीचं ठरतं. नकाशा बनवणाऱ्या कंपन्या सर्वेक्षणाच्या गाड्या फिरवतात, मोबाइलवरून वाहतुकीचा अंदाज घेतात. एखाद्या रस्त्यावरून गाड्या जाणंच थांबलं, की तो बंद झाल्याची शंका येते. आडवाटेला मुळात गाड्याच कमी, त्यामुळे तिथली चूक कळवायची ती गावकऱ्यांनीच. 2004 मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या नकाशावर तर कोणीही स्वतः दुरुस्ती करू शकतं.

तुमच्या गाडीत कंपनीचा नकाशा असेल, तर सर्व्हिसिंगला गेल्यावर तो अपडेट करून मागा. आणि रात्री अनोळखी रस्त्यावर पुढे पाणी दिसलं, तर तिथेच थांबा.