तुमचे नाव यादीत आहे काय?

श्रोतेहो, निवडणूक जवळ आली की मत कोणाला द्यायचे याची चर्चा चावडीपासून बंदरापर्यंत रंगते. पण त्याच्या आधीचा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. मत द्यायला तुमचे नाव यादीत आहे काय? ओळखपत्र पेटीत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तुम्ही कोण, एवढेच ते सांगते. मत देता येते ते यादीतल्या नावाने.

नावाचे मोल १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतच दिसून आले. यादी करणारे दारी आले तेव्हा देशाच्या काही भागांत बायकांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच लिहिले गेले. अशा सुमारे २८ लक्ष नोंदी यादीतून वगळाव्या लागल्या. हक्क कायद्याने दिला होता. तो नावावाचून वाया गेला.

आपल्या मालवण किनाऱ्यावरची अडचण निराळी. इथली माणसे एका जागी कुठे असतात? चाकरमानी मुंबईत, घर गावात. तो विचारतो, “घर माझा हयसर आसा, मगे मत खय?” १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. नुसते घर मालकीचे असून भागत नाही. जिथे नेहमीचे राहणे, तिथे नाव. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही, आणि जाणूनबुजून खोटे निवेदन केले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. उलट, मासेमारीसाठी काही काळ दर्यावर गेलेल्या खलाशाने घाबरू नये. तात्पुरते बाहेर राहिल्याने गावचे रहिवासीपण जात नाही.

तशीच गोष्ट लग्न झालेल्या मुलीची. नाव माहेरच्या यादीत राहते, ती नांदते सासरी. मतदानाच्या दिवशी माहेरी जाणे होत नाही आणि सासरी नाव नसते. मुलीची पाठवणी करताना आपण भांडीकुंडी मोजून देतो. तिचे मतही तिच्याबरोबर जायला नको का?

आता करायचे काय, ते ऐका. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलणे किंवा चूक दुरुस्त करणे यासाठी नमुना ८, मृताचे नाव काढण्यासाठी नमुना ७. हे अर्ज गावच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे किंवा तहसील कचेरीत देता येतात. मोबाइलवरूनही भरता येतात. १९८९ पूर्वी मतदाराचे वय २१ लागे, आता १८ पुरते. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांच्या १ तारखा वयासाठी धरतात. सतरा पुरी झालेल्या मुलामुलींना अर्ज आधीच देऊन ठेवता येतो. अडले तर १९५० या क्रमांकावर फोन करा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची यादीही विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, हे ध्यानात असू द्या.

मतदानाच्या दिवशी ओळखपत्र सापडले नाही, तर आयोगाने मान्य केलेला दुसरा पुरावा चालतो. आधार कार्ड किंवा फोटो असलेले बँकेचे पासबुक त्यांत येते. बोटाला शाई लागते, मग यंत्रावरचे बटण दाबायचे. शेजारच्या पेटीच्या काचेतून तुमच्या मताची चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती नीट पाहून घ्या. वेळ संपण्यापूर्वी रांगेत उभे असाल तर तुम्हाला मत देऊ दिलेच पाहिजे. आणि तुमचे मत कोणाला गेले, हे पुढाऱ्यालाही कळत नाही आणि घरच्या वडीलधाऱ्यांनाही नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. वाडीतल्या म्हाताऱ्यांना, नव्या सुनांना आणि अठरा वर्षांच्या पोरांना जवळ बसवून यादी एकदा वाचून दाखवा. ज्याचे नाव नाही त्याचा अर्ज त्याच दिवशी भरून घ्या. निवडणूक तोंडावर आल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही, कारण अर्जालाही मुदत असते. श्रोतेहो, तुम्हीही उद्याच यादी पाहून घ्या.