घरचे इंटरनेट वारंवार का तुटते? मोडेम व राऊटरमधील दोष शोधण्याची रीत

(मुरुड येथे नारळ-सुपारी बागायतदारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुरुडच्या बागायतदारांपुढे बोलावयाचे म्हणजे सुपारीवरील कोळेरोग किंवा माडावरचा गेंड्या भुंगा हाच विषय असावयास हवा. परंतु अलीकडे वाडीत शिरले की रोगाचा प्रश्न मागाहून येतो. आधी विचारले जाते, "साहेब, नेट सारखे जाते, काय करावे?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही. सातबारा काढणे, महाडीबीटीवरील अर्ज, फळपीक विमा, हवामानाचा अंदाज ही सर्व कामे आता याच तारेवरून होतात. ज्यांनी वाडीत पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत त्यांची नोंदणीही तीवरूनच येते. योजनेत निवड झाल्यावर कागदपत्रे ठराविक मुदतीत चढवावी लागतात आणि नेमक्या शेवटच्या संध्याकाळी नेट गेले तर अनुदान हातचे जाते.

अशा वेळी आपल्याकडे सर्रास एकच उपाय केला जातो, तो म्हणजे नवा राऊटर आणणे. तो दीड-दोन हजार रुपयांना पडतो आणि बहुतेक वेळा दोष त्यात नसतोच. झाड पिवळे पडले म्हणून मूळ, पाणी, निचरा काही न पाहता युरिया टाकण्यापैकीच हा प्रकार आहे.

प्रथम या दोन डब्यांची ओळख करून घेऊ. बाहेरून आलेली तार ज्या डब्यात शिरते तो मोडेम. पूर्वी ती टेलिफोनची तांब्याची तार असे, आता बहुतेक ठिकाणी काचतंतूची म्हणजे फायबरची बारीक वायर असते व त्या डब्याला ओएनटी म्हणतात. काम तेच, म्हणून मी मोडेमच म्हणेन. त्यातून आलेले इंटरनेट घरातील मोबाईल, संगणक, टीव्ही यांना वाटून देतो तो राऊटर. विहिरीवरचा पंप म्हणजे मोडेम, आणि पाट-दांड पाडून प्रत्येक आळ्याला पाणी पोचविणारी व्यवस्था म्हणजे राऊटर. काही घरांत दोन्ही कामे एकाच डब्यात असतात. पण घर मोठे असले किंवा पाहुण्यांच्या खोल्या दूर असल्या की दुसरा राऊटर बसवितात व दोहोंमध्ये आठ धाग्यांची केबल टाकतात. ही केबल आणि तिची दोन टोके हेच आपल्या किनाऱ्यावरचे सर्वांत दुबळे ठिकाण होय.

कारण आपली हवा. घरातले मीठ पावसाळ्यात पाझरते हे गृहिणींना सांगावयास नको. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन विरघळू लागते. समुद्रावरून येणारे खारे कण प्रत्येक वस्तूवर बसतात, तसेच ते केबलच्या टोकाच्या आठ बारीक धातूच्या पट्ट्यांवरही बसतात. या पट्ट्यांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. स्वस्त मालात तो नावापुरताच. तो झिजला की आतल्या धातूवर हिरवट कळंक चढतो. दिवसा ऊन पडले, हवा कोरडी झाली की जोड चालतो. रात्री दमट हवेत बिघडतो. म्हणून तंत्रज्ञ दुपारी येतो तेव्हा सर्व ठीक असते आणि तो गेला की पुन्हा तेच सुरू होते. यात तंत्रज्ञाचा दोष नाही आणि आपलाही नाही.

येथे एक शंका येईल. जोड क्षणभर सुटला तर नेट दोन-दोन मिनिटे का जाते? त्याचे असे आहे की, केबलचा संपर्क एक सेकंद जरी तुटला तरी दोन्ही डबे आपसांतील बोलणे पहिल्यापासून सुरू करतात. त्यात काही सेकंद जातात. नंतर राऊटर कंपनीच्या यंत्रणेकडे नाव व पासवर्ड देऊन पुन्हा प्रवेश मागतो. तिकडे आपली जुनी हजेरी अजून लागलेलीच असते व ती पुसली जाईपर्यंत कधीकधी नवा प्रवेश मिळत नाही.

आता दोष कसा शोधावा ते पाहू. त्यासाठी दहा-पंधरा रुपयांची वही पुरते. ती मोडेमशेजारी दोरीने बांधून ठेवावी. नेट गेले की कोणत्याही डब्याला हात न लावता आधी दिवे पाहावेत आणि तारीख, वेळ व दिव्यांची स्थिती लिहावी. आपण नेमके उलट करतो. नेट गेले की धावत जाऊन बटण बंद-चालू करतो, आणि पुरावा तेथेच पुसला जातो.

एका बागायतदारांचे उदाहरण सांगतो. घरात मोडेम, आणि सुमारे १०० फुटांवर पाहुण्यांच्या खोल्यांपाशी राऊटर. दोन वर्षांत दोन राऊटर बदलून झाले होते. मी त्यांना दहा दिवस वही लिहावयास सांगितली. ते कंटाळले, पण त्यांच्या सुनेने ती चिकाटीने लिहिली. वही पाहिल्यावर दोन निरनिराळे रोग स्पष्ट दिसले. सकाळी साडेसहाच्या सुमारास नेट जाई तेव्हा मोडेमचे सगळे दिवे विझून पुन्हा एकेक करून लागत. रात्री जाई तेव्हा मात्र मोडेमचे बाकीचे दिवे स्थिर असत, फक्त राऊटरकडे जाणाऱ्या केबलचा, म्हणजे 'लॅन' लिहिलेला दिवा विझत असे. दोन्ही वेळी घरातल्यांची तक्रार एकच होती, 'नेट गेले'.

सकाळच्या दुखण्याचे मूळ पंपात निघाले. साडेसहाला ते शिंपण्यासाठी पंप लावीत. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि घरातला दाब क्षणभर खाली येतो. चांगल्या अडॅप्टरला याचे काही वाटत नाही. तो १०० ते २४० व्होल्टपर्यंत काम करतो. पण चार-पाच वर्षे अखंड तापलेल्या अडॅप्टरमधील कपॅसिटर सुकलेले असतात. त्याला तो झोका सहन होत नाही व मोडेम बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मीटर लावून पाहिला तर हा अडॅप्टर १२ व्होल्ट बरोबर दाखवितो, कारण तेव्हा त्याच्यावर भार नसतो. म्हणून मीटरवर विसंबू नये, दुसरा अडॅप्टर लावून पाहावा. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा अधिक चालतील, कमी चालणार नाहीत. पिनेचा धन-ऋण क्रमही जुळला पाहिजे, तो अडॅप्टरवर छापलेला असतो. या गृहस्थांचा अडॅप्टर बदलला आणि सकाळची नोंद थांबली.

जाता जाता इन्व्हर्टरबद्दल सांगतो. घरगुती इन्व्हर्टरवर बहुधा दोन स्थितींचे बटण असते. ते 'यूपीएस' या स्थितीत ठेवल्यास वीज गेल्यावरचा बदल लवकर होतो व डबे बंद पडत नाहीत. हल्ली १२ व्होल्टचा छोटा यूपीएसही मिळतो. पण तो राऊटर आणि मोडेम अशा दोघांनाही हवा. राऊटर बॅटरीवर आणि मोडेम भिंतीतल्या प्लगवर अशी जोडणी मी अनेक घरांत पाहिली आहे. वीज गेली की मोबाईलवर वायफायची खूण दिसते आणि नेट मात्र नसते.

रात्रीचे दुखणे अपेक्षेप्रमाणे केबलचे होते. घरात वापरावयाची करड्या रंगाची केबल त्यांनी सुपारीच्या खोडांवरून उघड्यावर नेली होती. उन्हाने तिची साल तडकली होती आणि राऊटरकडच्या टोकाला हिरवा कळंक दिसत होता. टोक कापून नवे बसविले तेव्हा चार दिवस बरे गेले. पुढे पाऊस पडला आणि पुन्हा तेच. तडकलेल्या सालीतून पाणी आत शिरले होते. शेवटी सबंध केबल बदलावी लागली.

तेव्हा बाहेर टाकावयाची केबल काळ्या सालीची, बाहेरच्या वापरासाठी बनविलेली व शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण खाऱ्या हवेत तिची टोके लवकर जातात. लांबी १०० मीटरच्या आत असावी. भिंतीतून आत घेण्यापूर्वी केबलला खाली लोंबता वळसा द्यावा, म्हणजे पाणी ओघळून तेथेच गळून पडते. पंपाच्या विजेच्या तारेसोबत ती बांधू नये. खारी आणि उंदीर कुरतडतात तेथे ती पाइपातून न्यावी.

टोक बसविताना रंगांचा क्रम चुकू नये. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, हा क्रम दोन्ही टोकांना ठेवावा. काहीजण सरळ जोड्या शेजारी-शेजारी लावतात. दिवा लागतो, जवळच्या अंतरावर नेटही चालते, पण लांब केबलवर सारखे तुटते. पीळ दिलेल्या जोडीतील दोन धाग्यांनी मिळून एकच संदेश नेला पाहिजे, तो पीळ या चुकीने वाया जातो. कळंक खरवडण्यासाठी पॉलिश पेपर घासू नये, उरलासुरला मुलामाही जातो. खोबरेल तेल लावण्याची सवय येथे नको. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्याला लावून पुसावे, वाळू द्यावे, आणि तेवढ्याने भागले नाही तर टोक कापून नवे बसवावे.

मोडेमच्या छिद्रातील पट्ट्याच खराब झाल्या असतील तर केबल शेजारच्या छिद्रात लावून पाहता येते. मात्र काही कंपन्या एकाच छिद्रातून इंटरनेट देतात. म्हणून मूळ जोडणीचा मोबाईलवर फोटो काढून मगच हात घालावा. मागच्या बाजूस टाचणी खुपसून दाबावयाचे 'रिसेट'चे बटण असते, ते मोडेमवर कधीही दाबू नये. त्याने कंपनीने भरलेली सर्व माहिती पुसली जाते आणि तंत्रज्ञ येईपर्यंत घर अंधारात बसते.

वहीत तिसऱ्या प्रकारची नोंदही येऊ शकते. फायबरच्या मोडेमवर 'लॉस' नावाचा दिवा लाल झाला तर बाहेरून येणारा प्रकाशच पोचत नाही असे समजावे. वायर घरात कोठे दुमडली आहे काय, कपाटामागे चेपली आहे काय, एवढेच पाहावे. बाकी काम कंपनीचे. कंपनीच्या माणसाला प्रकाशाची पातळी मोजावयास सांगावी. ती उणे ८ ते उणे २७ डीबीएम या पट्ट्यात असावी. उणे २७ च्या अगदी कडेला असेल तर नेट आज चालते, उद्या तुटते. वायरीचे टोक डोळ्यापुढे धरून पाहू नये. त्यातील लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

चौथा प्रकार फसवा असतो. सर्व दिवे नीट, तरी नेट नाही. मोडेम आणि राऊटर या दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असला तर एका गावात एकाच नावाचे दोन पाटील असल्यासारखा गोंधळ होतो. राऊटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१०.१ असा करावा. तसेच कंपनीचे नाव-पासवर्ड दोन्ही डब्यांत भरलेले असतील तर ते एकमेकांना बाहेर ढकलतात. ते एकाच डब्यात ठेवावेत. हे काम घरातील कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी अर्ध्या तासात करील. संगणक केबलने जोडल्यावर नेट व्यवस्थित चालते आणि फक्त मोबाईलवर तुटते, असे असेल तर दोष वायफायचा समजावा. जांभ्याची जाड भिंत वायफाय अडविते. राऊटर माळ्यावर तापत्या पत्र्याखाली न ठेवता मधल्या खोलीत उंचावर ठेवावा.

विजांचा विषय मात्र घाईने आटोपता येणार नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा आपल्या वाड्या झोपल्या आणि खांब-तारा पडून वीज व फोन बंद झाले. ते संकट क्वचित येते. वळवाच्या आणि परतीच्या पावसातली वीज दरवर्षी येते. दोन इमारतींमधून उघड्यावर गेलेली तांब्याची केबल विजेचा झटका दोन्ही घरांत नेते. आपण विजेचा प्लग काढतो, पण ही केबल तशीच राहते आणि तिच्यातून दोन्ही डबे जळतात. गडगडाट जवळ येण्यापूर्वीच प्लगही काढावा आणि केबलही. गडगडाट डोक्यावर आल्यावर केबलला हात लावावयास जाऊ नये. दूरच्या खोल्यांसाठी नव्याने जोडणी करीत असाल तर तांब्याऐवजी धातू नसलेली फायबर टाकावी व दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर बसवावेत. थोडा खर्च अधिक येतो, पण तिला कळंक चढत नाही आणि वीजही तिच्यातून वाहत नाही.

कंपनीकडे तक्रार करताना 'नेट नीट चालत नाही' असे सांगू नये. वहीतील वेळा व दिव्यांची स्थिती सांगावी आणि तक्रार क्रमांक त्याच वहीत लिहावा. दाद न मिळाल्यास त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते.

व्याख्यानानंतर एका भगिनीने विचारले की, अर्जाची शेवटची तारीख आहे आणि दोष शोधावयास वेळच नाही, तर काय करावे? त्यावेळी राऊटर मधून काढून टाकावा आणि संगणक केबलने थेट मोडेमला जोडावा. मोडेममध्येच नाव-पासवर्ड भरलेले असतील तर नेट चालू होईल. तेही न झाल्यास मोबाईलचा हॉटस्पॉट लावून अर्ज भरावा. ज्या मोबाईलवर ओटीपी यावयाचा त्याला रेंज आहे ना, ते मात्र अर्ज उघडण्यापूर्वी पाहावे. वाडीत रेंज नसेल तर रस्त्यावर येऊन भरावा.