मोटेचा नाडा आणि बदलणारं बल

स्कोफिल्ड्समधल्या एचएससीच्या मुलांसाठी, आणि रात्री त्यांच्या वहीशेजारी बसणाऱ्या आईबाबांसाठी, आज थोडं भौतिकशास्त्र.

साताऱ्याजवळ लिंब गावी अठराव्या शतकातली बारा मोटांची विहीर आहे. मोट वर येई तसा विहिरीत लोंबणारा नाडा आखूड होई आणि बैलांवरचं ओझं कमी होत जाई.

समजा, पाण्यासकट मोट 50 किलो, खोली 10 मीटर, नाडा मीटरला 1 किलो. मोट संथ, एकाच वेगाने ओढली. तळाशी ओझं 60 किलो, काठावर 50. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. पण बल कुठलं घ्यायचं? 60 धरलं तर उत्तर जास्त, 50 धरलं तर कमी. इथे ओझं सारख्या दराने घटतं, म्हणून सरासरी 55 चालते. 55 गुणिले 9.8 गुणिले 10, म्हणजे 5390 ज्यूल.

मोट गळकी असेल, कधी जास्त कधी कमी गळत असेल, तर टोकांची सरासरी फसते. मग अंतराचे बारीक तुकडे करा, प्रत्येकाचं कार्य काढा, बेरीज करा. इंटिग्रेशन म्हणतात ते हेच: आलेखाखालचं क्षेत्रफळ.

तेव्हा मुलांना सांगा, सूत्रात आकडे घालण्याआधी बल आणि अंतराचा आलेख काढा. बल बदलतंय का, ते तिथेच दिसेल.