मुलांचे चेंडू कोण मोजणार?

(मंडळाच्या गणेशोत्सवात ‘पालकांशी गप्पा’ या कार्यक्रमात झालेले भाषण)



चेन्नईत येऊन मला आता पस्तीस वर्षं झाली. या मांडवात सतरंज्या घालण्यापासून प्रसाद वाटण्यापर्यंत सगळी कामं केली, पण माईकसमोर आज पहिल्यांदाच उभा आहे. सेक्रेटरींनी विषय दिला ‘मुलं आणि खेळ’. खेळाचे फायदे तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यावर मी वेळ घेत नाही. मी एका चुकीबद्दल बोलणार आहे. ती चूक दुसऱ्या कोणाची नाही, माझीच आहे.

माझी नोकरी अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत झाली, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. इथे बसलेल्या निम्म्या लोकांना माझं काम माहीत आहे: फटीग टेस्टिंग. शाफ्ट मशिनवर चढवायचा आणि त्याला लाखो वेळा पीळ द्यायचा. एका झटक्यात शाफ्ट कधी मोडत नाही. तोच छोटा भार पुन्हापुन्हा पडला की आत कुठेतरी केसाएवढा तडा जातो, तो वाढत जातो आणि एके दिवशी तुकडा पडतो. आयुष्यभर मी लोखंडाच्या थकव्याचा हिशोब ठेवला. घरात वाढणाऱ्या मुलाच्या पाठीचा हिशोब मात्र ठेवला नाही.

२००५ सालची गोष्ट. माझा थोरला मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. उंच, काटक, आणि चेंडू टाकायचा तो खरोखर वेगात. बापाच्या डोक्यात हवा जायला एवढं पुरे असतं. त्यातून आपण राहतो चेन्नईत. डेनिस लिलींच्या मार्गदर्शनाखाली १९८७ साली एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झालं ते याच शहरात. श्रीरामपूरचा झहीर खान इथूनच तयार होऊन पुढे गेला. सचिन तेंडुलकरसुद्धा मुळात इथे आला होता तो वेगवान गोलंदाज व्हायला. लिलींनी त्याला सांगितलं, तू बॅटिंगकडे लक्ष दे. मी मनाशी म्हणायचो, आपल्याला कोणी असं सांगणार नाही.

त्या मे महिन्यात सकाळी उन्हाळी शिबिर, संध्याकाळी कॉलनीत एका स्टंपवर माझ्यासमोर सराव, आणि रविवारी सामना. पाठीत डावीकडे खाली दुखतं, असं तो दोनदा म्हणाला. शिबिरातले सर म्हणाले, दुखतंय म्हणजे ताकद येतेय. घरी आजी म्हणाली, वाढीचं दुखणं आहे, तेल लावून शेकते. मी काय केलं? स्प्रे आणून दिला. पुढे निवड चाचणी होती ना! चाचणीच्या दिवशी त्याने नऊ षटकं टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बुटाची नाडी बांधायला वाकता येईना.

एक्स-रेमध्ये काहीच दिसलं नाही. दोन आठवड्यांनी एमआरआय केला तेव्हा कळलं की कंबरेच्या शेवटच्या मणक्याच्या मागच्या कमानीला डाव्या बाजूने तडा गेला आहे. स्ट्रेस फ्रॅक्चर. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, “हा आठवड्याला किती चेंडू टाकतो?” मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन हिशोब केला. शिबिरात रोज ऐंशी-नव्वद, संध्याकाळी चाळीस, आठवड्याचे सहा दिवस, वर सामन्यातली आठ षटकं. म्हणजे आठवड्याला सुमारे आठशे चेंडू!

त्याला विचारलं, “अरे, इतकं दुखत होतं तर थांबला का नाहीस?” तो म्हणाला, “बाबा, तुम्हीच म्हणाला होतात ना, सिलेक्शनपर्यंत थांबायचं नाही.”

सहा महिने पट्टा आणि विश्रांती. हाड भरून आलं, पण मनातली भीती गेली नाही. तो पुन्हा कधी वेगात धावत आला नाही. आज पुण्यात नोकरी करतो, ऑफिसच्या संघात फलंदाजी करतो, मजेत आहे. मला मात्र तो प्रश्न सोडत नव्हता: किती चेंडू?

त्याचं उत्तर मला क्रिकेटमध्ये नाही, बेसबॉलमध्ये मिळालं. २००९ ते २०१२ कंपनीने मला मिशिगनला पाठवलं होतं. धाकटा तेव्हा दहा वर्षांचा. शाळेतल्या मित्रांबरोबर तो लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळायला लागला. हात चांगला, म्हणून त्याला पिचर केलं. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, आपला गोलंदाजच म्हणा. पहिल्या सामन्यात पाहतो तर मैदानाबाहेर खुर्ची टाकून एक बाई बसलेल्या. हातात खटका दाबायचा छोटा काउंटर. मुलाने चेंडू फेकला की खट्. धावा दुसरंच कोणीतरी लिहीत होतं. बाई फक्त फेकी मोजत होत्या.

लिटल लीगने २००७ पासून हा नियमच केला आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला पन्नास फेकी, नऊ-दहाला पंचाहत्तर, अकरा-बाराला पंच्याऐंशी, तेरापासून सोळापर्यंत पंच्याण्णव. एवढ्यावर भागत नाही. चौदापर्यंतच्या मुलाने एका दिवसात सहासष्ट किंवा जास्त फेकी केल्या तर पुढचे चार दिवस त्याला पिचिंग बंद. लहान मुलांसाठी अंतरही कमी: मोठे साडेसाठ फुटांवरून फेकतात, लहान मुलं शेहेचाळीस फुटांवरून. लांबून फेकायला लावलं की मूल सगळा जोर एकट्या हाताने काढतं, हे त्यामागचं कारण.

एका सामन्यात आमचे चिरंजीव भलतेच रंगात आले होते. पंचाहत्तर झाल्या, समोरचा बॅटर संपला आणि प्रशिक्षकाने त्याला काढलं. सामना हातातून गेला. माझ्यातला जुना बाप जागा झाला; मी जाऊन म्हटलं, “अहो, आणखी सात-आठ फेकींनी काय बिघडणार होतं?” ते शांतपणे म्हणाले, “सामना पुढच्या शनिवारीही आहे. हात एकच आहे.” मित्रहो, हे वाक्य मला चार वर्षं आधी ऐकायला मिळायला हवं होतं.

त्या लोकांनी हे शहाणपण फुकट मिळवलेलं नाही. लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याच्या कोपराचा अस्थिबंध १९७४ साली तुटला. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हातातली शिर काढून तिथे बसवली. १९७६ मध्ये तो पुन्हा खेळू लागला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्या शस्त्रक्रियेला आज त्याचंच नाव आहे. पुढे ती शाळकरी मुलांवर करायची वेळ येऊ लागली, तेव्हा डॉक्टर जागे झाले. अलाबामातल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने मुलांचा दहा वर्षं मागोवा घेतला. वर्षात शंभराहून जास्त डाव पिचिंग करणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट आढळला. त्याच संस्थेच्या २००६ च्या अभ्यासात दिसलं की हात थकलेला असताना नेहमी फेकत राहणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रियेची पाळी येण्याची शक्यता छत्तीस पट होती. म्हणजे मोठा शत्रू वेग नाही, थकवा आहे.

असं का होतं? मुलाच्या हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते, हाडापेक्षा मऊ. शिरा तिला ओढतात. पिचरच्या बाबतीत ही ओढ कोपराच्या आतल्या बाजूला आणि खांद्याला बसते. आपल्या गोलंदाजाचा हात सरळ असतो, त्यामुळे कोपर वाचतं. भार जातो पाठीत. पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या चार-पाच पट धक्का वर येतो, आणि नेमक्या त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, बाजूला झुकलेली आणि पिळलेली असते. उजव्या हाताच्या गोलंदाजाचा तडा बहुधा डावीकडे सापडतो तो म्हणूनच.

लोखंडात आणि हाडात फरक एवढाच की शाफ्टला सुट्टी देऊन काही उपयोग नसतो; हाड मात्र विश्रांती मिळाली की स्वतःला दुरुस्त करतं. रोजची झीज आणि रोजची दुरुस्ती यांचा जमाखर्च जुळला पाहिजे. आपण खर्चच करत राहिलो.

आता शैलीबद्दल थोडं. धाकट्याचे प्रशिक्षक म्हणायचे, “आधी पाय, मग कंबर, मग खांदा, हात सगळ्यांत शेवटी.” जोर जमिनीतून येतो, हात फक्त तो पुढे पोहोचवतो. कर्व्ह म्हणजे वळणारी फेक. दाढी फुटेपर्यंत ती नको, अशी तिथे म्हणच आहे. आधी सरळ आणि अचूक फेकायला शिका.

गोलंदाजीत मात्र एक गोष्ट निराळी. कंबर फलंदाजाकडे तोंड करून आणि खांदे आडवे, अशी जी मिश्र शैली असते, तीच पाठीला सर्वांत जास्त पिळते. आडवं उभं राहून टाका किंवा समोर तोंड करून टाका, दोन्ही चालतं. अर्धं हे, अर्धं ते नको. आमच्या मुलांना मी एवढंच पाठ करून घेतो: मागचा पाय जिकडे, कंबर तिकडे, कंबर जिकडे, खांदा तिकडे. गच्चीवर खडूने सरळ रेघ मारायची, चालत येऊन चेंडू टाकायचा आणि पुढचा पाय रेघेपासून किती दूर पडला ते बघायचं. मोबाइलवर मागून चित्रण करायचं. पहिला चेंडू आणि तिसावा चेंडू शेजारी ठेवून बघा. तिसाव्याला डोकं बाजूला पडतंय, पुढचा पाय रेघ सोडतोय, असं दिसलं की त्या दिवशीचा सराव संपला. थकलं की शैली मोडते, आणि मोडक्या शैलीचा भार हाडावर येतो.

लिलींचं उदाहरण घ्या. १९७३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात त्यांच्या पाठीला असेच तडे गेले होते. ते थांबले, शरीर आणि शैली नव्याने घडवली आणि १९७४-७५ च्या मोसमात परतले. आपल्या जसप्रीत बुमराहला पाठीच्या दुखण्याने २०२२ चा टी-ट्वेंटी विश्वचषक मुकावा लागला, २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. ज्यांच्या दिमतीला उत्तमोत्तम डॉक्टर, त्यांची ही गत. मग शेक आणि स्प्रे यांच्या भरवशावर चौदा वर्षांच्या पोराला आपण कुठे ढकलतो?

परत आल्यावर मी कॉलनीतल्या मुलांसाठी इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने मुलांकरता आखलेली मर्यादा लावली. तेरा वर्षांपर्यंत एका स्पेलमध्ये पाच षटकं, दिवसाला दहा. चौदा-पंधराला सहा आणि बारा. सोळा-सतराला सात आणि अठरा. सराव असो वा सामना, चेंडू तो चेंडूच. एकाच वहीत लिहायचा. शिबिर, शाळा आणि कॉलनी यांच्या तीन वेगळ्या वह्या असल्या की माझ्या घरी झालं तेच होतं. लहानांसाठी खेळपट्टी बावीसऐवजी अठरा यार्डांची. शिवाय वर्षातले काही महिने गोलंदाजी पूर्ण बंद. अमेरिकेत लहान पिचरना किमान चार महिने फेक थांबवायला सांगतात. आपल्याकडे बारा महिने क्रिकेट चालतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा चेन्नईचा पाऊस हाच काय तो आमचा फिजिओ!

आणि काउंटर? त्यासाठी मिशिगनला जावं लागलं नाही. मैलापूरला कपालीश्वर मंदिराबाहेर बोटात घालायचं जप मोजण्याचं छोटं यंत्र मिळतं. तेच आणलं. एका मुलाची आजी त्यावर सकाळी नामस्मरण करते आणि संध्याकाळी नातवाचे चेंडू मोजते. ती म्हणते, दोन्हीकडे मन लागतं.

मुलांना दुखत नाही असं नाही. गेल्या बारा वर्षांत तिघांनी पाठ दुखते म्हणून सांगितलं. फरक एवढा की त्यांनी सांगितलं, आणि पहिल्या दिवशी सांगितलं. एका पायावर उभं राहून मागे वाकताना कंबरेत एका बाजूला कळ आली तर आम्ही गोलंदाजी तिथेच थांबवतो आणि खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवतो. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून मुलाला लगेच मैदानावर उतरवत नाही. तिघंही आज खेळत आहेत.

पालकहो, एकच विनंती. घरी आल्यावर “किती विकेट काढल्या?” हे जरूर विचारा. पण त्याआधी “किती चेंडू टाकलेस?” आणि “कुठे दुखतंय का?” हे विचारा. आणि दुखतंय म्हणाला तर चेहरा पाडू नका. मुलं आपला चेहरा बघून उत्तर देतात. माझ्या मुलाने तेच केलं होतं.

शेवटी थोडं कामाचं. दर रविवारी सकाळी साडेसहाला आम्हाला आणखी दोन माणसं हवी आहेत. क्रिकेट येण्याची अट नाही. शंभरपर्यंत न चुकता मोजता आलं की झालं. चहा माझ्याकडून.

गणपती बाप्पा मोरया!