ठेकेदाराची निवड : घराची आणि देवळाची

(पुसद तालुक्यातील आपल्या गावी मारुती मंदिराच्या जीर्णोद्धार समाप्तीच्या सभेत केलेले भाषण)



आज देवळावर कळस चढला. आता पुष्कळांच्या मनात आपापल्या घराचे काम काढायचे आहे, हे मी ओळखून आहे. कोणाला कवेलू उतरवून स्लॅब टाकायचा आहे, कोणाला मातीची भिंत पाडून विटांची बांधायची आहे. म्हणून ठेकेदार कसा निवडावा, याविषयी चार शब्द बोलतो.

प्रथम माझी चूक सांगतो. मागची खोली नव्याने बांधताना मी तिघांचे भाव घेतले आणि सर्वांत कमी भाव सांगणाऱ्याला काम दिले. लेखी काही केले नाही. ‘लोखंड महागणार’ असे तो म्हणताच निम्म्याहून अधिक रक्कम आधीच मोजली. त्याने पाया मुरुमापर्यंत न नेता काळ्या मातीतच थांबवला. मला ते कळले नाही, कारण त्या दिवशी मी शेतात होतो. पहिल्याच पावसाळ्यात कोपऱ्यापासून चौकटीपर्यंत भेग पडली. आई त्या खोलीत निजत असे. तिची खाट ओसरीत आणावी लागली. दोष त्याचा होताच, पण त्याला निवडणारा मीच होतो.

आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया कठीण थरावर टेकला नाही, तर वरची भिंत कितीही सुबक असो, ती तडकतेच. नवे काम सगळ्यांचेच चांगले दिसते. म्हणून ठेकेदाराचे नवे घर पाहू नका. दोन पावसाळे काढलेले घर पाहा. त्या घरच्या बाईला विचारा : छत गळते काय? भिंतीला ओल येते काय? पैसे मिळाल्यावर उरलेले काम करायला तो परत आला काय?

आपल्या समितीने हेच केले. कमी भाव का नाकारला, म्हणून सभेत कडाक्याचा वाद झाला, तो आपणांस आठवत असेल. परंतु समितीने आधी जुनी कामे पाहिली. सिमेंट कोणते, सळई किती जाडीची, मालाची जबाबदारी कोणाची, हे करारात लिहून घेतले. पाया, भिंती, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी पैसे दिले, आणि काही रक्कम पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवली. सरकारी बांधकामातही ठेकेदाराची अनामत अशीच राखून ठेवतात. यात अविश्वास नाही. हिशेब चोख असला म्हणजे संबंधही टिकतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. मातीत रचलेल्या जड दगडी भिंती कोसळून सुमारे आठ हजार माणसे दगावली. पुढे जी घरे दुरुस्त करून मजबूत करायची होती, तेथे सरकारने घरमालकालाच कामाचा धनी केले, मदत टप्प्याटप्प्याने दिली आणि गावोगाव संवाद सहायक म्हणून स्त्रियांना नेमले. आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातही मार्च आणि जुलै २०२४ मध्ये भूकंपाचे धक्के बसले. तेव्हा कोणती भिंत पाडावी आणि कोणती राखावी, हे एकट्या ठेकेदारावर सोडू नका. जाणत्या अभियंत्याला आधी घर दाखवा.

आणि पाया भरण्याच्या दिवशी शेतात जाऊ नका. मुरूम लागलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. स्लॅबला पाणी वेळेवर मारले जाते की नाही, ते घरच्या माणसांनी पाहावे.

देवळासाठी कोणी हजारो रुपये दिले, कोणी मजुरीतले पन्नास दिले. तो प्रत्येक पैसा समितीने परक्याची ठेव म्हणून सांभाळला. आपल्या घरात लागणारा पैसाही कापसाच्या बोंडाबोंडातून वेचलेला असतो. तोही तितक्याच काळजीने खर्च करा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय बजरंग बली!