पाच हजार खोडं, एकच कोड

मागच्या महिन्यात मी रावेर तालुक्यात मामांकडे गेलो होतो. तीन एकर केळी. बांधावर उभं राहून मामा कौतुकाने म्हणाले, "बघ, पाच हजार खोडं आहेत. एक उंच नाही, एक बुटकं नाही. कटणी सगळ्यांची बरोबरच!"

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. माझ्या डोक्यात आलं, म्हणजे पाच हजार मशीन आणि सगळ्यांवर एकच कोड. एक बग सापडला की सगळी एकदम बंद! मामांना तेव्हा काही बोललो नाही, पण आज त्यावरच बोलायचंय.

दहावीला आपण "फरक स्पष्ट करा"मध्ये लिहिलं होतं: अलैंगिक पुनरुत्पादनात एक जनक, लैंगिक पुनरुत्पादनात दोन. दोन मार्क मिळाले, विषय संपला. पण यातली कुठली पद्धत कधी महागात पडते, हे कुणी विचारलंच नाही.

आपण खातो त्या केळ्यात बी नसते. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात. तिनाचे दोन सारखे भाग होत नाहीत, म्हणून बी धरत नाही. मग नवं झाड येतं कंदापासून, पिलापासून किंवा टिश्यू कल्चरच्या रोपापासून. या सगळ्या कॉप्याच. क्वचित एखादा बदल होतो, पण एरवी जनुकं तीच.

याचा फायदा मोठा आहे. जोडीदार शोधायला नको, परागीभवन नको आणि चांगला गुण हमखास पुढे जातो. हापूसची कोय लावली तर हापूसच येईल याची खात्री नसते, म्हणून तर आपण कलम करतो. लैंगिक पद्धतीत पत्ते दर पिढीला नव्याने पिसले जातात. त्यात चांगला हातही मोडतो. शिवाय प्राण्यांमध्ये साधारण निम्मी संतती नर असते, आणि नर स्वतः पिल्लं देत नाहीत. हिशोबाने हा तोट्याचाच धंदा. मग निसर्गात तो इतका का चालतो?

एक मोठं कारण म्हणजे रोग. न्यूझीलंडच्या तळ्यांत एक छोटी गोगलगाय असते. तिच्यातल्या काही माद्या नराशिवाय स्वतःच्या कॉप्या काढतात, काही नराशी मीलन करतात. कर्टिस लाइव्हली या शास्त्रज्ञाने 1987 मध्ये दाखवलं, की जिथे परजीवी कृमी जास्त, तिथे मीलन करणाऱ्याही जास्त. कारण सोपं आहे. सगळ्यांना एकच कुलूप असेल तर चोराला एकच किल्ली पुरते.

केळीचं हेच झालं. पूर्वी जगाच्या बाजारात ग्रो मिशेल जातीचं केळं चालायचं. जमिनीतल्या फ्युजेरियम बुरशीमुळे होणाऱ्या पनामा मर रोगाने त्या बागा बसल्या, आणि 1960च्या दशकापर्यंत व्यापार कॅव्हेंडिश गटाकडे वळला. आपली जुनी बसराई आणि आताची ग्रँड नैन, दोन्ही त्याच गटातल्या. आणि आता त्या बुरशीचा टीआर4 हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. तो बिहार आणि उत्तर प्रदेशात सापडलाय. एकदा मातीत शिरला की कित्येक वर्षं राहतो, आणि लागण झालेलं झाड बरं करणारं औषध नाही.

रात्री जेवताना मामा सहज म्हणाले, ओळखीतून बाहेरगावचे कंद स्वस्तात मिळतायत, पुढच्या लागवडीला आणावे म्हणतो. मग मात्र मी हे सगळं सांगितलं. मामा हसले. "मग काय बिया पेरू? रानकेळीत दगडासारख्या बियाच असतात, गर कुठे असतो?"

बरोबरच आहे त्यांचं. पोट कॉपीवरच चालतं. कर्ज आहे, मामेभावाची फी आहे. मी म्हटलं, "मामा, केळी सोडा असं म्हणत नाही मी. पण कॉपी कुठून येते ते तर बघा. कंदाबरोबर तिथली मातीही येते."

ते बराच वेळ गप्प होते. सकाळी चहा घेताना त्यांनी फोन लावला आणि कंद नको म्हणून सांगितलं. यंदा दोन एकरात तपासलेली रोपं आणि एका एकरात हळद लावणार आहेत. बाहेरचा ट्रॅक्टर आला तर चाकं धुतल्याशिवाय शेतात घेणार नाहीत.

मंडळी, कॉपी करण्यात वाईट काही नाही. पण बॅकअप म्हणजे त्याच फाईलची आणखी एक कॉपी नव्हे, हे मला ऑफिसपेक्षा त्या बांधावर जास्त कळलं. तुमच्याकडे केळी, ऊस, बटाटा असेल तर बेणं कुठून आणता, नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!